हे पिल्लू कोणत्या जातीचे? परसातील कोंबडी ओळखण्याचा एक पाठ



आपल्या मंडळ्यांतील अनेकांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरील कुटुंबांना कोंबडीची पिल्ले देण्यासाठी मदत केली आहे. त्यानंतर मला फोनवर पिल्लांचे फोटो येऊ लागले आणि त्यांच्याबरोबर ठरलेला प्रश्न: "दादा, हे पिल्लू कोणत्या जातीचे?" कुणाला कौतुकाने जाणून घ्यायचे असते, कुणाला आपली देणगी योग्य कामी लागली का हे पाहायचे असते. पाड्यावरच्या बाईचा प्रश्नही तोच असतो, पण तिचे कारण वेगळे. तिला ठरवायचे असते की हे पिल्लू ठेवायचे की बाजारात न्यायचे.

मी पशुसंवर्धनाच्या कामात आयुष्य घालवले. आता चोपडा, यावल, शिरपूर आणि साक्री तालुक्यांत बचत गटांच्या भगिनींना कोंबडीपालन शिकवतो. गटात जो पाठ घेतो, तोच आज आपल्यापुढे मांडतो. आपण तो आपल्या महिला मंडळात किंवा तरुण संघातही घेऊ शकता.

पहिली गोष्ट: जात म्हणजे काय?

अंगणातल्या बहुतेक कोंबड्यांना जातीचे नाव नसते, हे आधी समजून घ्यावे. आपण जिला 'गावरान' म्हणतो ती कोणतीही एक जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या गावात ज्याच्या त्याच्या कोंबड्याशी संकर होऊन जी कोंबडी तयार झाली ती गावरान. म्हणून एकाच खुडूक कोंबडीखालून निघालेल्या दहा पिल्लांत एक काळे, दोन तांबूस, तीन पट्ट्यांची आणि एक उघड्या मानेचे निघू शकते. यात बिघाड काही नाही, हे गावरानपणाचेच लक्षण आहे.

जात म्हणायची ती अशी, की जिची पिल्ले आईबापांसारखीच निघतात. असील, कडकनाथ, ऱ्होड आयलंड रेड आणि ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प या जाती आहेत. आपल्या देशातील जनावरांच्या आणि पक्ष्यांच्या जातींची अधिकृत नोंद हरियाणातील कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे होते.

याशिवाय तिसरा प्रकार आहे सुधारित संकरित पक्ष्यांचा. बंगळूर येथे तयार झालेली गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेल्या वनराज व ग्रामप्रिया या त्यातल्या. हे पक्षी चांगले आहेत, पण त्यांच्या अंड्यांतून निघणारी पुढची पिल्ले त्यांच्यासारखी निघत नाहीत. आपल्या शेतकऱ्याला हे लगेच समजते. संकरित कपाशीची सरकी राखून दुसऱ्या वर्षी कुणी पेरत नाही, तसेच हे आहे.

पिल्लू हातात घेतल्यावर पाच गोष्टी पाहा

१. वय. पिल्लाचा रंग वयाप्रमाणे बदलतो. जन्मताना अंगावर मऊ लव असते. पाच-सहा आठवड्यांत ती जाऊन पहिली पिसे येतात, मग तीही बदलतात. मोठेपणाचा खरा रंग साधारण पाच-सहा महिन्यांनी दिसतो. म्हणून आठवडाभराच्या पिल्लाच्या नुसत्या रंगावरून जात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ज्या खुणा वयाबरोबर बदलत नाहीत किंवा कमी बदलतात, त्या आधी पाहाव्यात.

२. तुरा. तुऱ्याची घडण अगदी लहानपणापासून दिसते. एका सरळ रांगेत करवतीसारखे दाते असतील तर तो एकेरी तुरा. लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, ऑस्ट्रेलॉर्प, कडकनाथ यांचा तुरा बहुधा असा असतो. डोक्याला चिकटलेल्या, बसक्या, तीन बारीक रांगा असतील तर तो वाटाणा तुरा. असीलची ती खूण आहे. एकेरी तुऱ्याच्या पिल्लाला कुणी अस्सल असील म्हणत असेल तर तेथेच शंका घ्यावी.

३. पाय, तळवे आणि तोंड. पिल्लू उलटे करून तळवे पाहा. चोच हळूच उघडून जीभ पाहा. पंख उचलून खालची कातडी पाहा. रंगवलेल्या किंवा काळ्या पिसांनी माणूस फसतो, पण जीभ आणि तळवे सहसा फसवत नाहीत.

पायाच्या पिवळेपणाबद्दल एक गंमत सांगतो. जगातल्या पाळीव कोंबड्या मुख्यतः तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या असे मानतात. पण २००८ मध्ये स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की पिवळ्या कातडीचा गुण राखी रानकोंबड्याकडून आला. हा राखी रानकोंबडा आपल्या भारताच्या द्वीपकल्पातला रहिवासी आहे. जगभरच्या फार्मांवरील कोंबड्यांच्या पिवळ्या पायांत आपल्याकडच्या रानाचा अंश आहे! मात्र गुण असूनही खाण्यात रंग नसेल तर पाय फिकट राहतात. मका खाणाऱ्या पिल्लाचे पाय पिवळेधमक होतात. पांढऱ्या ज्वारीवर वाढलेल्याचे तितके होत नाहीत.

४. लव आणि पाठीवरचे पट्टे. तपकिरी पिल्लाच्या पाठीवर खारीसारखे लांब पट्टे असतील तर तो रानकोंबड्यापासून आलेला मूळ रंग होय. गावरान पिल्लांत तो पुष्कळ दिसतो. गवतात पिल्लू स्तब्ध बसले तर वरून घारीला चटकन दिसत नाही. मानेवर जन्मापासून लवच नसेल तर तो रोग नाही. उघड्या मानेचा गुण आई किंवा बापापैकी एकाकडून जरी आला तरी दिसतो. अशा पक्ष्याच्या अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा हा गुण उपयोगीच पडतो. पाड्यावर अशा पिल्लाला कुरूप म्हणून आधी विकतात किंवा कापतात. मी तसे करू नका असे सांगतो.

५. आई-बाप. वरच्या चारही खुणांपेक्षा मोठा पुरावा म्हणजे आई-बाप पाहणे. अंडी कोणत्या कोंबडीची, कळपात कोंबडा कोणता, हे विचारा. पिल्ले केंद्रातून आली असतील तर पावती पाहा. खात्रीने जात सांगता येते ती इथे. बाकी सर्व अंदाज आहे, आणि अंदाजाला अंदाजच म्हणावे.

नेहमी भेटणारी पिल्ले

ऱ्होड आयलंड रेड: लव विटकरी-तांबूस, पाय पिवळे, तुरा एकेरी. मोठेपणी अंग गडद तांबडे आणि शेपटी काळी. अंडे तपकिरी.

ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प: पाठ काळी, पोट मात्र पांढुरके-पिवळट. पाय पाटीच्या दगडासारखे काळपट, पण तळवे पांढुरके आणि जीभ गुलाबी. ही ऑस्ट्रेलियातील जात अंड्यांसाठी नावाजलेली आहे. तेथे १९२२-२३ च्या स्पर्धेत सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १८५७ अंडी दिली होती. पाड्यावरच्या चाऱ्यावर असे आकडे येत नाहीत, हे सांगायला नकोच.

कडकनाथ: हा आपला शेजारी. सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की झाबुआ आणि अलीराजपूरचा मुलूख लागतो. तेथील भिल्ल आणि भिलाला बांधवांनी ही जात जतन केली. झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पिल्लू निळसर काळे असते आणि पाठीवर वेडेवाकडे गडद पट्टे असतात. मोठेपणी काही पूर्ण काळे, काही चंदेरी, तर काही सोनेरी छटेचे होतात. पण चोच, जीभ, पाय, तळवे, कातडी यांवर सगळीकडे काळसर-जांभळी झाक असते आणि आतले मांसही काळपट असते.

असील: लांब मान, ताठ उभे राहणे, मजबूत लांब पाय, अंगाला घट्ट चिकटलेली पिसे, चोचीखालचे लोंबणारे मांस जवळजवळ नाही. अंडी कमी, पण खुडूक बसते आणि पिल्ले जिवापाड राखते.

वनराज आणि गिरिराज: रंगीबेरंगी, त्यामुळे गावरानात सहज मिसळून जातात. ओळखायचे असेल तर वाढ पाहा. सारख्याच वयाच्या गावरान पिल्लापेक्षा ती ठळकपणे मोठी आणि जाड पायांची दिसतात.

ब्रॉयलर आणि लेगहॉर्नचे नर: दोन्ही पिवळी. ब्रॉयलरचे पाय जाड आणि छाती रुंद असते; लेगहॉर्नचे पिल्लू हलके, चपळ आणि बारीक असते. आठवडे बाजारात टोपलीतून गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्ले विकायला येतात. ती बहुधा यातलीच, वरून रंग दिलेली. अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लांचा उपयोग नसतो, म्हणून ती अशा रीतीने स्वस्तात विकली जातात. लेकरांच्या हट्टासाठी घ्यायची तर घ्या, पण कुटुंबाच्या उत्पन्नासाठी नाही. ब्रॉयलर उन्हाळ्यात अंगणात टिकत नाही. लेगहॉर्नचा नर अंडी देणार नाही आणि त्याच्या अंगावर मांसही फारसे चढणार नाही.

एका गटाचा निर्णय

हा पाठ किती उपयोगी पडतो याचे एक उदाहरण देतो. चोपडा तालुक्यातील एका पाड्यावरच्या बचत गटाने बऱ्याच महिन्यांची बचत शंभर पिल्लांसाठी बाजूला काढली होती. एका विक्रेत्याने त्यांना 'अस्सल कडकनाथ' म्हणून पिल्ले दाखवली. भाव गावरान पिल्लाच्या कितीतरी पट. गटाच्या अध्यक्ष ताईंनी मला निरोप दिला, "दादा, पैसे देण्याआधी एकदा बघून जा."

मी गेलो, पण पिल्ले मी तपासली नाहीत. भगिनींनाच तपासायला सांगितली. खोक्यातून न निवडता दहा पिल्ले काढली. लव सगळ्यांची काळी होती. मग तळवे पाहिले. चार पिल्लांचे तळवे पांढुरके होते. त्याच चौघांची जीभ गुलाबी आणि पोटाखाली पिवळट पांढरी लव होती. विक्रेता म्हणाला, "मोठी झाल्यावर काळी पडतील." त्यावर एक म्हातारी आजी म्हणाली, "जिभेला ऊन लागत नाही, ती कशाने काळी पडेल?" कडकनाथाचा काळेपणा जन्मापासून कातडीत असतो, पुढे पाय थोडे गडद होतील, पण गुलाबी जीभ काळी होत नाही.

राहिलेल्या सहा पिल्लांबद्दल मी एवढेच म्हणालो की ही कडकनाथ असू शकतात. खात्री मलाही देता येत नव्हती. कारण कडकनाथाचा गावरान कोंबडीशी संकर केला तरी काळेपणा पिल्लांत बराच उतरतो. काळी जीभ नसेल तर पिल्लू कडकनाथ नाही, हे म्हणता येते. काळी जीभ आहे म्हणून ते अस्सलच, असे म्हणता येत नाही. या दोन वाक्यांतला फरक त्या दिवशी त्या भगिनींनी पक्का लक्षात ठेवला.

मग गटाची चर्चा झाली. दोन भगिनींचे मत होते की निवडून काळ्या जिभेचीच घ्यावीत. अध्यक्ष ताईंनी वेगळा प्रश्न विचारला: "मोठी झाल्यावर विकायची कुणाला?" चोपड्याच्या बाजारात त्या भावाने घेणारे किती, हे कुणालाच सांगता येईना. विक्रेता म्हणाला, "मीच परत घेईन." पण ते लिहून द्यायला तयार नव्हता.

येथे मी त्यांना २०१९ सालची गोष्ट सांगितली. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून चाललेल्या कडकनाथ योजनेत अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, ते वर्तमानपत्रांतून गाजले होते. तेथे अडचण मुख्यतः जातीची नव्हती. अंडी आणि पक्षी परत घेण्याचा वायदा पाळला गेला नाही, ही होती. म्हणजे पक्षी अस्सल असूनही माणूस बुडू शकतो.

गटाने पैसे दिले नाहीत. शेजारच्या पाड्यांवरून गावरान अंडी जमवली, आपल्याच खुडूक कोंबड्यांखाली बसवली आणि थोड्या पैशांत जाळीचे खुराडे केले. उरलेली बचत बँकेत आहे. यात त्यांना मोठा नफा झाला असे मी सांगणार नाही. मुंगसाने काही पिल्ले नेली, काही मानमोडीने गेली. पण बचत शाबूत आहे आणि कळप त्यांचा स्वतःचा आहे.

मग कोणती जात चांगली?

देणगीदार बंधुभगिनी हे हमखास विचारतात. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५०-६० अंडी देते. वनराज शंभराच्या थोडे वर, ग्रामप्रिया त्याहून बरीच जास्त. आकडे पाहिले तर उत्तर सोपे वाटते. पण गावरान कोंबडी वर्षातून दोन-तीनदा खुडूक बसते, २१ दिवस अंडी उबवते आणि पिल्लांना घारीची चाहूल ओळखायला शिकवते. सुधारित पक्ष्यांत हा खुडूकपणा प्रजनन करतानाच जवळजवळ काढून टाकलेला असतो, कारण खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही. प्रभूने कोंबडी आणि तिच्या पंखांखालची पिल्ले यांचा दाखला दिला, तो ऐकणाऱ्यांच्या दारात अशी खुडूक कोंबडी होती. पाड्यावर ना वीज भरवशाची ना उबवणी यंत्र. तेथे पुढची पिढी या पंखांखालीच तयार होते.

म्हणून मी सांगतो की दोन्ही ठेवा. अंड्यांसाठी काही सुधारित माद्या आणि उबवायला गावरान. सुधारित कोंबडीची अंडी गावरान कोंबडीखाली बसवता येतात; फक्त निघणारी पिल्ले आईइतकी अंडी देतील अशी अपेक्षा धरू नये. शासनाच्या योजनेतून ८ ते १० आठवड्यांच्या तलंगांचा २५ माद्या आणि ३ नर असा गट अनुदानावर मिळतो. पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात चौकशी करावी. नाजूक वय उलटून गेल्यामुळे अशा तलंगा पाड्यावर जास्त टिकतात. शिवाय या वयात तुऱ्याच्या आकारावरून नर-मादी पुष्कळसे ओळखता येतात.

गावरान कळप एकदा गेला की तसाच परत विकत मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू आपल्या शेजारी नवापूरला आढळला. नवापूर १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. तेव्हा फार्मांबरोबर आसपासच्या गावांतील अंगणातले पक्षीही मारावे लागले. फार्मवाल्याला तेच पिल्लू पुन्हा विकत घेता येते. आजीच्या काळापासून त्या अंगणाला सरावलेली कोंबडी कोणत्या दुकानातून आणणार?

गटात पाठ घेताना

शक्य असेल तर दोन-तीन जिवंत पिल्ले आणा. फोटोवर भागवू नका. प्रत्येकाला एक पिल्लू हातात द्या आणि पाच गोष्टी क्रमाने बोलून दाखवायला सांगा: वय, तुरा, पाय-तळवे-जीभ, लव, आई-बाप. शेवटी प्रत्येकाने तीनपैकी एक उत्तर द्यावे: 'खात्री आहे', 'असू शकते', किंवा 'नाही'. नंतर हे प्रश्न चर्चेला घ्या.

१. आपल्या घराला कोंबडी कशासाठी हवी: अंडी, मांस, विक्री की पिल्ले?
२. विकत घेणारा कोण आणि तो लेखी द्यायला तयार आहे का?
३. उन्हाळ्यात सावली आणि पाणी कुठे आहे?
४. मानमोडीची लस कोण देणार? पहिल्या आठवड्यात लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात द्यायचा असतो. लस थंड राहिली पाहिजे, म्हणून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी दिवस आधी ठरवून घ्या. जात कोणतीही असो, लस चुकली तर साथीत सगळा कळप जाऊ शकतो.

पुढच्या तिमाहीत पिल्लांसाठी मदत पाठवणाऱ्या बंधुभगिनींना एक विनंती. 'अमुक जातीचीच द्या' असे लिहू नका. कुटुंबाला विचारून ठरवू द्या. आणि दर दहा पिल्लांमागे खुराड्याच्या जाळीसाठी आणि लसीसाठी काही रक्कम वेगळी ठेवा. फोटो मात्र जरूर पाठवत राहा. पिल्लाचे तळवे दिसतील असा एक काढा, म्हणजे मला उत्तर देणे सोपे जाईल.